कुरंग-शिकार

कुरंग-शिकार : पोकळशिंगी समखुरी प्राण्यांपैकी कुरंग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राण्यांना माग काढून, दबा धरून, हाकारून किंवा फास लावून मारणे अथवा पकडणे. प्रस्तुत नोंदीत तिच्या एका विशिष्ट प्रकाराचा मुख्यत्वे विचार केला आहे : नवशिक्या शिकाऱ्याने, पगारी व्यवस्थापकाचे साहाय्य न घेता, सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर स्वतः आखलेली शिकार. महाराष्ट्रात ब्रिटिश अंमलापासून ही प्रथा परवानापद्धतीखाली चालू होती. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा राज्यात १९७३ मध्ये लागू झाल्यावर ती आवळत गेली आणि १९९१ च्या दुरुस्तीने पूर्णपणे संपुष्टात आली. उत्तर अमेरिकेत मात्र ती आजही कायदेशीर असून मोठ्या प्रमाणावर प्रचलित आहे.

बोलभाषेत ‘हरिण’ हा शब्द सरसकट वापरला जातो, परंतु शिकारीच्या नियमांत व प्राणिविज्ञानात सारंग (मृगकुलातील प्राणी) आणि कुरंग (गोकुलातील प्राणी) हा भेद महत्त्वाचा आहे. चितळ, सांबर, भेकर हे सारंग होत. त्यांची शिंगे भरीव असून दरवर्षी गळून पडतात व नव्याने उगवतात. कुरंगांची शिंगे हाडाच्या गाभ्यावर चढलेल्या पोकळ आवरणाची असतात. त्यांना फाटे फुटत नाहीत व ती आयुष्यभर टिकतात. परवान्यात प्रत्येक जातीची संख्या वेगळी लिहिलेली असे. त्यामुळे समोरचा प्राणी कोणता हे ओळखणे हा नवशिक्याचा पहिला धडा ठरे, आणि तो वाटतो तितका सोपा नव्हता. दाट गवतातून क्षणभर दिसणारी चौशिंग्याची बिनशिंगी मादी व भेकराची मादी यांत अनुभवी माणसाचीही गल्लत होई.

महाराष्ट्रात चार कुरंग आढळतात. काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी होय. नराची खांद्यापाशी उंची सु. ८० सेंमी. असून वजन ३५ ते ४० किग्रॅ.पर्यंत भरते. त्याची पिळदार शिंगे ५० ते ६० सेंमी. लांब असतात. नराचा रंग वयात आल्यावरच काळा होतो. चिंकारा अधिक लहान, सु. ६५ सेंमी. उंचीचा असून खडकाळ, झुडपी व नालेखोऱ्यांच्या प्रदेशात दोन-चारांच्या टोळीने राहतो. नीलगाय (विदर्भात रोही) ही भारतातील सर्वांत मोठी कुरंग-जाती. तिचा नर २०० किग्रॅ.हून अधिक वजनाचा असतो. चौशिंगा सर्वांत लाजाळू. तो एकटा किंवा जोडीने, पाण्यापासून फार दूर न जाता, पानझडी वनातील उंच गवतात राहतो. नराला शिंगांच्या दोन जोड्या असणे हे त्याचे एकमेवाद्वितीय लक्षण होय. कोकणच्या बाजूला कुरंगांपैकी हाच काय तो सह्याद्रीच्या पायथ्याच्या पानझडी वनांत सापडतो. काळवीट व चिंकारा घाटमाथ्यापलीकडच्या कोरड्या मुलखातले. [⟶ काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय].

इतिहास : राजेलोकांच्या मृगयेची वर्णने संस्कृत वाङ्मयात विपुल आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेचे विस्तृत विवेचन असून चित्त्याकरवी केलेल्या शिकारीचा भारतातील सर्वांत जुन्या लिखित उल्लेखांपैकी एक त्यात आहे. कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने सोळाव्या शतकात श्यैनिकशास्त्र लिहिले. ते मुख्यतः ससाण्यांविषयी असले, तरी त्यात मृगयेच्या इतर प्रकारांचाही परामर्श आहे. अकबराच्या काळी शिंगांना जाळे बांधलेला माणसाळलेला नर सोडून रानटी नराला झुंजीत गुंतवीत व पकडीत, असे आईन-इ-अकबरीवरून समजते.

चित्त्याकरवी काळवीट मारण्याची पद्धत महाराष्ट्रात कोल्हापूर संस्थानात सर्वाधिक काळ टिकली. शाहू महाराज व त्यांच्यानंतर राजाराम महाराज यांनी ती चालू ठेवली, आणि भारतीय चित्ता दुर्मिळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणविले. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता बैलगाडीतून कळपाच्या जवळ नेत. माळावरची हरणे गाडीला सरावलेली असल्यामुळे ती फारशी बुजत नसत. पुरेसे अंतर राहिले की झापड काढून चित्त्याला सोडीत. ‘गाडीला हरिण भीत नाही’ ही एवढीशी गोष्ट पुढे बंदूकधाऱ्यांनाही फार उपयोगी पडली.

दुसरी परंपरा फासेपारध्यांची. तातीचे अनेक फास एका लांब दोरीला ओळीने बांधून खुंट्यांनी जमिनीत रोवीत आणि कळपाला हलके हलके त्या दिशेने वळवीत. शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने चालत जाऊन सावजाच्या जवळ पोहोचणे हेही त्यांचेच कसब. उपजीविकेसाठी सार्वजनिक माळावर, कोणाच्याही मदतीविना केलेली शिकार खऱ्या अर्थाने हीच होती. परंतु १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आणि त्यानंतरच्या त्याच धर्तीच्या कायद्यांच्या अंमलात पारधी समाजावर गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो १९५२ मध्ये कायद्याने पुसला गेला. दरम्यानच्या काळात बंदुकीचा परवाना असणाऱ्याच्या शिकारीला ‘क्रीडा’ आणि पारध्याच्या फासाला ‘चोरटी शिकार’ म्हणण्याचा पायंडा पडला. त्याचा परिणाम प्रस्तुत विषयाच्या आकलनावर अजूनही आहे. पुष्कळ शिकारकथांतून ज्या वाटाड्याने सावज दाखविले त्याचे नावसुद्धा येत नाही.

सार्वजनिक जमीन व शिकारगट : शिकारीच्या दृष्टीने सरकारी जमिनीचे दोन मोठे भाग पडत. एक वनखात्याच्या ताब्यातील राखीव व संरक्षित वनांचा आणि दुसरा महसूल खात्याकडील गायराने, पड जमिनी व माळरानांचा. पहिल्या भागात भारतीय वन अधिनियम, १९२७ व त्याखालील नियम लागू होते; परवानगीवाचून शिकार करणे, फास किंवा सापळा लावणे हा गुन्हा होता. याशिवाय १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा, मध्य प्रांतासाठी १९३५ चा शिकार कायदा आणि मुंबई राज्यासाठी १९५१ चा वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायदा असे कायदे क्रमाने झाले. बंदुकीसाठी शस्त्र परवाना वेगळा लागे.

वनविभागाची शिकारीसाठी लहान लहान क्षेत्रांत विभागणी केलेली असे; त्या प्रत्येक क्षेत्राला शिकारगट (शूटिंग ब्लॉक) म्हणत. इच्छुकाने विभागीय वनाधिकाऱ्याकडे अर्ज करून, फी भरून एखादा गट ठरावीक मुदतीसाठी घ्यावयाचा. त्या मुदतीत दुसऱ्या शिकाऱ्याला तो मिळत नसे. परवान्यावर कोणत्या जातीचे किती नर मारता येतील हे नमूद असे. माद्या व पिले वर्ज्य होती. पाणवठ्यावर दबा धरणे, रात्री दिव्याच्या प्रकाशात मारणे, चालत्या वाहनातून गोळी झाडणे यांना सामान्यतः बंदी होती. गटात दाखल झाल्यावर वनरक्षकाला परवाना दाखवावा आणि मुदत संपल्यावर काय मारले व काय जखमी होऊन निसटले याचा तपशील कळवावा, अशी अपेक्षा असे. तपशिलाचा दुसरा भाग कितपत प्रामाणिकपणे भरला जाई, हा प्रश्न वेगळा. स्वातंत्र्योत्तर काळात परदेशी पाहुण्यांसाठी शिकार-सहली आयोजित करणाऱ्या कंपन्या नागपूरसारख्या ठिकाणी निघाल्या, त्याही याच गटांवर अवलंबून होत्या.

या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती आणि कुरंगांच्या बाबतीत तीच निर्णायक ठरली. गट आखलेले होते वनात. काळवीट राहत होता माळावर. वाघ, सांबर, गवा यांच्यावर वनखात्याची काही ना काही नजर असे. परंतु अहमदनगर, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांच्या कोरड्या पट्ट्यातील गायरानांवर व कापणी झालेल्या शेतांत चरणाऱ्या कळपांना राखणदार नव्हता. कायदा तेथेही कागदोपत्री लागू होता, पण तो बजावण्यास माणूस नव्हता.

आखणी : पहिलीच शिकार स्वतः आखणाऱ्याला प्रथम प्राणी ठरवावा लागे, कारण बाकी सर्व गोष्टी त्यावरून ठरत. उदाहरणादाखल पेण तालुक्यात धरमतर खाडीकाठी वसलेल्या डोलवीसारख्या गावचा, परवानापद्धतीच्या काळातील एखादा होतकरू शिकारी विचारात घेता येईल. गावाभोवतीची जमीन खारभूमीची, भातशेतीची. बांधापलीकडे दलदल व खाजणे. येथे रानडुक्कर किंवा कोल्हा दिसेल, कुरंग नाही. पूर्वेकडील पेणच्या डोंगरांत भेकर मिळेल, पण ते सारंग. दक्षिणेस रोहे व मुरूड यांच्या दरम्यान फणसाडचे उत्कृष्ट जंगल होते. परंतु ती जंजिऱ्याच्या नबाबाची राखीव शिकारभूमी असल्याने संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत तेथे सामान्य माणसाला प्रवेशच नव्हता. म्हणजे काळविटासाठी त्याला खोपोलीवरून बोरघाट चढून देशावर जाणे भाग होते. अशा वेळी शिकारीच्या दिवसांइतकेच दिवस प्रवासात, परवानगीत आणि ओळखीपाळखी काढण्यात जात, आणि आखणी कच्ची असेल तर एवढे करून रिकाम्या हाताने परतावे लागे.

जागा ठरविण्यासाठी भूमापन खात्याचे नकाशे उपयोगी पडत. त्यांवर वनांच्या सीमा, नाले, विहिरी व तळी दाखविलेली असतात. तथापि सार्वजनिक जमीन कोठे संपते व खाजगी शेत कोठे सुरू होते, हे नकाशापेक्षा गावचा पाटील किंवा तलाठी अधिक खात्रीने सांगे. उभ्या पिकात जखमी हरिण शिरले तर त्याच्या मागे जाण्याआधी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी लागे. कळपांनी हरभरा व ज्वारीची नासाडी केलेली असल्यामुळे ती बहुधा खुशीने मिळे.

हंगाम निवडताना दोन गोष्टी परस्परविरुद्ध जात. सुगीनंतर शेते मोकळी झाली की कळप दुरून दिसतात, पण शिकारीही त्यांना तितक्याच दुरून दिसतो. पावसाळ्याच्या अखेरीस गवत उंच असते. आडोसा मिळतो, परंतु गोळीच्या मार्गात काड्या येतात आणि पडलेला प्राणी सापडत नाही. फेब्रुवारी-मार्चच्या माजाच्या काळात काळे नर आपापला टापू धरून बसतात व हुसकले तरी तेथेच परततात. नवशिक्याला हे फार सोयीचे वाटे. वस्तुतः यामुळे कळपातील सर्वांत धडधाकट नर आधी मारले जात आणि तेही ऐन प्रजननकाळात. यासाठीच बंद हंगामाचा आग्रह जाणकार शिकारी धरीत.

पहिला दिवस बंदूक न उचलता केवळ पाहणीत घालवावा, असा जुन्या शिकाऱ्यांचा सल्ला असे. पहाटे कळप कोठे चरतो, ऊन चढल्यावर कोणत्या झाडाच्या किंवा नाल्याच्या सावलीस बसतो, पाण्यावर कोणत्या वाटेने येतो, राखण कोण करते हे टिपून ठेवावयाचे. कळपाची राखण बहुधा वयस्क मादी करते. तिने मान वर केली की सर्व कळप सावध होतो आणि तिने उंच उडी घेतली की पाठोपाठ बाकीचे उधळतात. काळवीट ताशी सु. ८० किमी. वेगाने पळू शकतो. बुजलेल्या कळपाचा पायी पाठलाग करणे म्हणजे दिवस फुकट घालविणे होय. चौशिंग्याच्या बाबतीत पाहणीचे स्वरूप निराळे. तो दिसतो क्वचितच, पण लेंड्या टाकण्यासाठी पुनःपुन्हा त्याच जागी येतो. असा ढीग ताजा असेल आणि पाणी जवळ असेल, तर प्राणी फार लांब नाही असे समजावे.

जवळ जाणे हाच या शिकारीचा गाभा. वारा नेहमी सावजाकडून शिकाऱ्याकडे वाहता हवा; चिमूटभर धूळ सोडून तो पाहता येतो. नाला, बांध, निवडुंगाची रांग यांच्या आडोशाने वाकून, शेवटी पोटावर सरपटत जावे लागे. आडोसा नसेल तेथे बैलगाडी भाड्याने घेत. गाडी कळपाकडे सरळ न नेता तिरकी, जणू बाजूने निघून जाणार आहे अशी चालवावयाची आणि शिकाऱ्याने तिच्या पलीकडच्या अंगाने चालत राहून योग्य जागी बसकण मारावयाची. गाडी मात्र थांबवावयाची नाही, कारण थांबलेली गाडी हरणाला तत्काळ संशयास्पद वाटते. गाडीवानाचे कसब येथे बंदुकीइतकेच मोलाचे असे.

उघड्या माळावर अंतराचा अंदाज चुकतो. दुपारच्या उन्हात हवेच्या थरथरीने प्राणी तरंगल्यासारखा दिसतो आणि १५० मी. वाटलेले अंतर २५० मी. निघते. म्हणून घरी निशाण्यावर ठरावीक अंतरांवरून सराव करून आपली गोळी कोठवर भरवशाने लागते ते आधीच निश्चित करावे व त्यापलीकडे गोळी झाडू नये, हा नियम सर्व देशांतील शिकारी मानतात. खांद्यामागे, पुढच्या पायाच्या वर छातीत लागलेली गोळी प्राण्याला लवकर मारते. पोटात लागलेली गोळी त्याला तासन्‌तास तडफडत ठेवते; तो कित्येक किमी. जाऊन कोठेतरी झुडपात मरतो आणि तरसा-कोल्ह्यांखेरीज कोणालाच सापडत नाही. सपाट माळावर मागे मातीचा उंचवटा नसता मारलेली गोळी फार दूर जाते, आणि गुराखी व शेतमजूर या माळांवर सर्वत्र असतात. शिकारीतील अपघातांचे हे एक मोठे कारण.

मांसाची व्यवस्था आधीच ठरवून ठेवणे आवश्यक असे. आपल्याकडील उन्हात पोट न फाडलेला प्राणी थोड्याच तासांत नासू लागतो. म्हणून जागीच आतडी काढून धड सावलीत टांगीत. सोबतचा वाटाड्या मुसलमान असेल, तर प्राण्यात जीव असेतोवर त्याचा गळा कापला गेला पाहिजे, आणि त्या घाईत शिंगांचा मार खाल्ल्याची उदाहरणे पुष्कळ. मांसाचे वाटे गाडीवान, वाटाडे व हाकेकरी यांना मिळत. शिंगे व कातडे शिकारी ठेवी. दुसऱ्या दिवशी त्याच गावात मदत मिळणे या वाटपावर बरेचसे अवलंबून होते.

ऱ्हास : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दख्खनच्या पठारावर काळविटांचे कळप रेल्वेच्या डब्यातून दिसत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी जीपगाड्या व बंदुका सहज मिळू लागल्या आणि चित्र पालटले. माळाला रस्ता लागत नाही. जीप कळपाबरोबर धावू शकते आणि रात्री तिच्या दिव्यांनी डोळे दिपलेले हरिण जागीच उभे राहते. ज्या शिकारीचे सर्व कौशल्य जवळ जाण्यात होते, तिच्यातून ते कौशल्यच वजा झाले. याच सुमारास सिंचन व लागवड वाढून माळरानेही आक्रसली. देशात एके काळी लाखांनी असलेले काळवीट १९७० च्या सुमारास काही हजारांवर आले. भारतीय चित्ता तर १९५२ मध्ये नामशेष म्हणून घोषित झाला. नियम पाळणाऱ्या परवानाधारकाने हा ऱ्हास घडविला असे म्हणता येणार नाही. पण त्याला आवरणारी यंत्रणा माळावर कधीच उभी राहिली नाही, आणि जीपवाल्याच्या खिशातही बहुधा परवानाच असे.

विद्यमान कायदा : १९७२ च्या मूळ अधिनियमात अनुसूचींनुसार काही प्राण्यांची शिकार परवान्यावर करण्याची तरतूद होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने व वन्य प्राणी हे विषय समवर्ती सूचीत आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) अनुसूचींची फेररचना झाली असून काळवीट, चिंकारा व चौशिंगा हे पहिल्या अनुसूचीत आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. ‘शिकार’ या संज्ञेत मारण्याबरोबरच पकडणे, फास लावणे, हाकारणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. जमीन सरकारी की खाजगी याने काही फरक पडत नाही. पिकांची नासाडी करणाऱ्या नीलगाईला मारण्याची लेखी परवानगी प्राधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. मात्र मारलेला प्राणी ही शासनाची मालमत्ता असते. विदर्भातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न क्रीडेचा नसून राखणीचा आहे. रात्र रात्र मचाणावर जागणाऱ्या, बंदूक नसलेल्या माणसाला ही परवानगी मिळूनही तिचा उपयोग काय, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे.

या संरक्षणाचे फळ माळरानांवर दिसते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौ. किमी. आहे. सोलापूरजवळ नान्नज परिसरात १९७९ मध्ये स्थापन झालेल्या माळढोक अभयारण्यात माळढोक घटत गेला, काळवीट मात्र वाढले. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७, ५.१४ चौ. किमी.) चिंकाऱ्यासाठी आहे. वाढलेले कळप या चिमुकल्या हद्दींत मावत नाहीत आणि भोवतालच्या शेतांत उतरतात.

अन्य देश : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील प्राँगहॉर्न हा ‘अँटिलोप’ म्हणून ओळखला जात असला, तरी तो खरा कुरंग नव्हे, त्याचे कूळ स्वतंत्र असून शिंगाचे आवरण तो दरवर्षी टाकतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तोही काही हजारांवर आला होता. तेथे मात्र शिकार कायमची बंद न करता नियंत्रित करण्यात आली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संगोपनासाठी राज्यांना मिळू लागले आणि प्राँगहॉर्नची संख्या पुन्हा लाखांत गेली. भूव्यवस्थापन विभागाकडील सु. २४.५ कोटी एकर संघराज्यीय जमिनीपैकी बहुतेक भाग शिकारीस खुला आहे. वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न सर्वाधिक आहेत. तेथे बाहेरच्या शिकाऱ्याने महिनोगणती आधी अर्ज करावयाचा व सोडतीत नाव निघाल्यास विशिष्ट क्षेत्राचा परवाना मिळवावयाचा असतो. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला शिकार-शिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. बंदुकीने शिकार करताना भडक नारिंगी वा गुलाबी वस्त्र घालावे लागते आणि खाण्याजोगे मांस टाकून देणे गुन्हा ठरते. आखणीचे टप्पे आपल्याकडील जुन्या शिकाऱ्याचेच : नकाशा, पाणी, वारा, अंतर, मांस. अडचणही ओळखीची आहे. सरकारी व खाजगी जमिनी बुद्धिबळाच्या पटासारख्या एकाआड एक असल्याने, दोन सरकारी चौकोनांच्या कोपऱ्यावरून पाऊल टाकणे म्हणजे खाजगी हद्दीत शिरणे होय की नाही यावर वायोमिंगमध्ये दीर्घ वाद झाला. २०२५ मध्ये दहाव्या मंडळाच्या संघराज्यीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला.

भारतीय कुरंगांचा या वृत्तांतात अनपेक्षित प्रवेश होतो. १९३० च्या सुमारास टेक्सस राज्यात नेलेले काळवीट व नीलगाई तेथे रुजल्या असून काळविटांची शिकार खाजगी कुरणांवर भारी शुल्क घेऊन चालते. दक्षिण टेक्ससमधील लागूना अटास्कोसा या संघराज्यीय वन्य प्राणी आश्रयस्थानात नीलगाईची शिकार परवान्यावर करता येते. गुरांच्या गोचीडतापाचा प्रसार त्या करतात हे त्यामागील एक कारण. विदर्भातील शेतकऱ्याला कागदपत्रांशिवाय ज्या प्राण्याला हात लावता येत नाही, त्याच्यासाठी तेथे लोक पैसे भरून रांगेत उभे राहतात.

फणसाड व सद्यस्थिती : रायगड जिल्ह्यातील नबाबाची शिकारभूमी १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य म्हणून घोषित झाली. तिचे क्षेत्र सु. ७० चौ. किमी. असून त्यात बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर व शेकरू आढळतात. राखीव शिकारभूमी म्हणून वृक्षतोडीपासून बचावलेले हे जंगल, ज्याच्यासाठी राखले त्याच्या बंदुकीतून सुटून आज सार्वजनिक झाले आहे. तेथील पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. राज्यातील अन्य अभयारण्यांप्रमाणे येथेही बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यांवर मचाणे बांधून वन्य प्राण्यांची नोंद घेतली जाते व तीत वनखात्याकडे नाव नोंदविणाऱ्या नागरिकांना भाग घेता येतो. डोलवी, पेण किंवा रोहे येथून जाणाऱ्याला त्यासाठी लागणारी तयारी जुन्या शिकाऱ्याच्या तयारीहून फारशी वेगळी नाही. अर्ज वेळेवर करणे, दिवस मावळण्यापूर्वी मचाणावर चढणे, वाऱ्याकडे लक्ष ठेवून निःशब्द बसणे आणि चांदण्यात पाण्यावर आलेली बिनशिंगी मादी भेकराची की चौशिंग्याची हे खात्रीने ओळखून, खात्री नसेल तर तसे नमूद करून, तक्त्यात लिहिणे एवढे त्याला करावे लागते.